साडेत्रेसष्ट अंश

माझ्या स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट सकाळी सहाला लागते ती रात्री अकराला विझते. मधे ती बंद ठेवायचा प्रयोग मी एकदा केला, भर एप्रिलात, दुपारी बारा वाजता. ताटात तांदूळ घेऊन निवडायला बसले आणि पाच मिनिटांत हात टेकले. खडा कुठला आणि कणी कुठली, कळेना. हे घर दादरला आहे, नवव्या मजल्यावर आहे, तीन वर्षांचं कोरं करकरीत आहे, आणि त्याचा आजचा भाव ऐकला असता तर माझ्या वडिलांना घेरी आली असती. त्याच वडिलांच्या जुन्या घरात, तळमजला अधिक तीनच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, आई दिवेलागणीच्या आधी बटणाला हात लावू द्यायची नाही. आई काटकसरी होती हे खरं, पण गरजही पडत नव्हती.

आताच्या ओट्यासमोरची खिडकी उघडली की शेजारच्या टॉवरचा यांत्रिक पार्किंगचा मनोरा दिसतो. खिडकीला जाळी बसवायला आलेल्या मुलाकडे लेझर टेप होती. त्याला म्हटलं, बाळा, जरा समोरचंही अंतर मोज. साडेअकरा फूट. तेवढ्या अंतरावर, बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत, एक पांढरी गाडी राहते. उभी असते म्हणत नाही, राहते म्हणते, कारण महिन्यातून फार तर दोनदा ती घराबाहेर पडते. तिच्या मजल्याला झडपा आहेत, पंखा आहे, चोवीस तास राखणदार आहे. तिला रेशनकार्ड तेवढं मिळायचं राहिलंय.

आता कुणी म्हणेल, बाई, फुकटात नवं घर मिळालं, लिफ्ट मिळाली, संडास घरात आला, वर रडगाणं कसलं? माझ्या नणंदेनं हे मला तोंडावर सांगितलं आहे. तिच्या इमारतीचा पुनर्विकास अजून व्हायचाय. मी तिला म्हटलं, तुझा होऊ दे, मग बोलू.

पण रडगाण्यापेक्षा मला एका कोनाबद्दल बोलायचंय. साडेत्रेसष्ट अंशांचा कोन. शाळेत कंपासपेटीतल्या कोनमापकावर आपण तीस, साठ, नव्वद काढले; साडेत्रेसष्ट कुणी काढायला सांगितला नाही. या शहराच्या कितीतरी जुन्या गल्ल्या मात्र याच कोनात आखल्या गेल्या.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवीत माणसं पटापट मरायला लागली. हा प्लेग आहे असं पहिल्यांदा ओळखलं ते डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी. काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहरातली जवळजवळ निम्मी माणसं गावाला पळाली. गिरण्या थांबायची वेळ आली तेव्हा सरकारला अचानक गोरगरिबांच्या खोल्यांमध्ये अंधार दिसला. १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टचं मला फार कौतुक नाही. त्यानं घरं पाडली जास्त आणि बांधली कमी, आणि पाडलेल्या घरांतली माणसं शेजारच्या तितक्याच कोंदट चाळींत कोंबली गेली. पण ट्रस्टनं एक नियम धरला होता. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या दिशेनं साडेत्रेसष्ट अंशांची एक तिरकी रेषा ओढायची. समोरच्या इमारतीनं त्या रेषेच्या वर डोकं काढायचं नाही. हिशेब सोपा आहे: समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्म्याइतकी जागा मधे मोकळी. चाळीस फूट उंची, तर वीस फूट आभाळ. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर या विषयावर व्याख्यानं देत असत. एका सनदी अधिकाऱ्यानं उजेड आणि वारा या विषयावर व्याख्यान द्यावं, यातच आज विनोद वाटावा अशी आपली अवस्था आहे.

दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथल्या वसाहती याच ट्रस्टनं आखल्या. हिंदू कॉलनीत आजही एखादी जुनी इमारत उभी असेल तर तिच्यासमोर जाऊन उभं राहा. तीन मजले, पुढे झाडं, मधे रस्ता, पलीकडे तेवढीच बेताची इमारत. हे सौंदर्य कुणा थोर वास्तुविशारदाच्या प्रतिभेतून आलेलं नाही. ते एका रुक्ष नियमातून आलं आहे. इमारत कितीही सामान्य असो, तिच्या खिडकीतून तांदूळ निवडता येत.

मग आपण काय केलं? कोन मोडला आणि त्याच्या जागी चटई अंथरली.

चटईक्षेत्र निर्देशांक. काय सुंदर शब्द आहे! ज्या शहरात रात्री हजारो माणसांना पाठ टेकायला चटईभर जागा मिळत नाही, त्या शहराचा सगळा कारभार चटईच्या नावानं चालतो. सोयीसाठी एफएसआय म्हणू, कारण सगळे तेच म्हणतात. दादरच्या भाजीवालीलाही तो शब्द कळतो. भूखंडाच्या किती पट बांधकाम करायचं याचा हा आकडा. साठच्या दशकात मुंबईत आला तेव्हा तो लगाम होता. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत शहराला १.३३ आणि उपनगरांना १ असा तो मर्यादेतच होता. पण त्याच नियमावलीनं टीडीआर आणला, म्हणजे एका जागचा बांधकामाचा हक्क कागदावर उचलून दुसऱ्या जागी नेण्याची सोय. लगामाची झाली हुंडी. तेव्हापासून एफएसआय विकता येतो, विकत घेता येतो, साठवता येतो, बक्षीस देता येतो. चाळ पाडून रहिवाशांना घर दिलं, तर बक्षीस. झोपडपट्टीचं पुनर्वसन केलं, तर बक्षीस. ३३(५), ३३(७), ३३(९), ३३(१०): ही कलमं इस्टेट एजंटाला मारुतिस्तोत्रासारखी पाठ असतात. २००८मध्ये तर ३३(२४) आलं. सार्वजनिक वाहनतळ बांधून द्या, बदल्यात जादा मजले घ्या. म्हणजे गाड्यांना घरं दिली की माणसांच्या डोक्यावर आणखी मजले चढवायची मुभा. माझ्या समोरच्या पांढऱ्या गाडीचं भाग्य कुठून उगवलं ते आलं ना लक्षात? तिचा मनोरा खाजगी आहे, पण वृत्ती तीच.

बक्षीस ज्या भूखंडावर उतरतं त्या भूखंडापुढची गल्ली मात्र बक्षिसानं रुंद होत नाही. गटार मोठं होत नाही. पलीकडच्या शाळेत एक बाक वाढत नाही. ही गोष्ट शिरीष पटेल आयुष्यभर सांगत राहिले. १९६५मध्ये खुल्या झालेल्या केम्प्स कॉर्नरच्या उड्डाणपुलाचे हे अभियंते, आणि चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता यांच्यासह नवी मुंबईची मूळ कल्पना मांडणारे. त्यांचं म्हणणं साधं होतं. नुसता एफएसआय मोजू नका. एका माणसाच्या वाट्याला घरात किती जागा येते आणि रस्त्यावर किती येते ते मोजा. मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर भरते. एक पाट मांडून त्यावर बसलात आणि पुढ्यात ताट ठेवलंत की तुमचा वाटा संपला. पटेलांना सगळ्यांनी मान दिला, व्यासपीठावर बसवलं, शाल-श्रीफळ दिलं, आणि २०१५च्या विकास आराखड्याच्या मसुद्यात काही भागांसाठी एफएसआय आठपर्यंत नेऊन ठेवला. तो मसुदा चुकांमुळे रद्द झाला. उभ्या इमारतींवरून रस्ते काढले होते, वारसा वास्तू गायब केल्या होत्या. आठाच्या आकड्यामुळे मात्र कुणाला विशेष घेरी आल्याचं मला आठवत नाही.

थोडं फ्लॉवर बेडबद्दल. हा या शहरातल्या वास्तुकलेचा सर्वोच्च आविष्कार आहे आणि त्याला अजून एकही पुरस्कार मिळालेला नाही, हा अन्याय आहे. एके काळी बाल्कनी, फुलझाडांचा कट्टा, कोनाडा, सुकी बाल्कनी असल्या गोष्टी एफएसआयमध्ये मोजत नसत. उद्देश भला होता. घराला झाडं असावीत, सावली असावी. बिल्डरनं काय केलं? प्रत्येक खिडकीखाली फुलझाडांचा कट्टा दाखवला. हॉलला कट्टा, बेडरूमला कट्टा, संडासालासुद्धा कट्टा. नकाशा पाहिला तर वाटावं, हे वृंदावनच उभं राहतंय. ताबा मिळाला की आठ दिवसांत सरकती खिडकी पुढे सरकायची, कट्ट्यावर लादी बसायची आणि फुलांच्या जागी दिवाण यायचा. माझ्या मावसबहिणीच्या घरी मी एका फ्लॉवर बेडमध्ये दोन रात्री झोपले आहे. २०१२मध्ये सरकारला हे उमगलं आणि सगळं मोजणीत घेतलं. पण भरपाई म्हणून पस्तीस टक्के फंजिबल, म्हणजे कशासाठीही वापरता येणारा, एफएसआय प्रीमियम भरून देऊ केला. म्हणजे चोरी बंद करायची तर चोराला ती अधिकृत दरानं विकायची. बरं, फुलं गेली ती गेलीच; पूर्वी निदान नकाशात तरी असायची.

प्रीमियम हा शब्द आला. माझ्या साडेअकरा फुटांचं रहस्य याच शब्दात आहे. इमारतीच्या उंचीच्या प्रमाणात भोवती मोकळी जागा सोडायचा नियम कागदावर आजही आहे. साडेत्रेसष्ट अंशांचा तो थकलेला पणतू म्हणा. पण जागा सोडता येत नाही अशी विकासकाची ‘अडचण’ असली तर मोकळ्या जागेतली तूट माफ होते. तिला नावही गोड आहे: ओपन स्पेस डेफिशियन्सी प्रीमियम. हा व्यवहार नीट पाहा. कमी होतो तो माझा उजेड. अडचण असते बिल्डरची. पैसे भरतो बिल्डर. पैसे मिळतात सरकारी तिजोरीला. या चौकोनात मी कुठेच नाही. माझी हवा दोन परक्या माणसांनी आपसांत विकली आणि पावतीसुद्धा फाडली, पण ती माझ्या नावानं नाही.

आणि विकणाऱ्यानं का विकू नये? १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुंबई महापालिकेची जकात गेली. तेव्हापासून इमारतींच्या परवानग्यांतून येणारा पैसा हा पालिकेच्या उत्पन्नाच्या मोठ्या झऱ्यांपैकी एक आहे. ज्यानं उंचीला आळा घालायचा त्याचंच पोट उंचीवर भरतं. सामन्याच्या पंचाला प्रत्येक नो बॉलमागे कमिशन ठेवलं तर तो बोट वर करील का? २०२१च्या जानेवारीत तर, कोविडमुळे बांधकाम धंदा अडचणीत आहे म्हणून, राज्य सरकारनं वर्षअखेरपर्यंत या प्रीमियमांवर पन्नास टक्के सवलत दिली. आपल्याकडे दिवाळीत साड्यांचा सेल लागतो. त्या वर्षी उजेड-वाऱ्याचा लागला होता.

माझी ट्यूबलाइट हे फारच खात्यापित्या घरचं दुःख आहे, ते मला ठाऊक आहे. खरा अंधार बघायचा असेल तर हार्बर लाइननं गोवंडी-मानखुर्दला जा. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड. रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी ज्यांच्या झोपड्या हटवल्या त्यांना इथे पक्की घरं दिली. पक्की आहेतच, दोन इमारतींमध्ये अंतर तीन मीटरच्या आसपास. खालच्या मजल्यांवर दिवस उगवत नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेनं आयआयटी मुंबईच्या साथीनं तिथे पाहणी केली. २०१८मध्ये तिचे निष्कर्ष बाहेर आले. जिथे उजेड आणि वारा कमी, त्या घरांत क्षयरोग जास्त. हे शोधायला २०१८ साल का उजाडावं लागलं? १८९६च्या प्लेगनं हे शिकवलं होतं. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या कारकुनाला हे माहीत होतं. शंभरेक वर्षांनी आपण लिफ्टसकट तीच चाळ पुन्हा बांधली, फक्त गॅलरी काढून टाकली. झोपडीला निदान वरून पत्र्याच्या फटीतून ऊन यायचं, असं तिथल्या एका आजींनी मला सांगितलं तेव्हा मी मान खाली घातली. गरिबाला सरकार फुकट घर देतं म्हणून इथला मध्यमवर्ग बोटं मोडतो. फुकट काही नाही. त्या घराचा हप्ता फुप्फुसातून कापला जातो.

हवेचा हा धंदा फक्त घरापुरता नाही. गिरणगावात आपण तो सहाशे एकरांवर केला. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगार रस्त्यावर आले, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतरचं कमी जणांना आठवतं. १९९१च्या नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीची जमीन विकायची तर तिचे तीन वाटे: एक शहराला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. कोरियांच्या समितीनं १९९६मध्ये या जमिनींचा एकत्र विचार करून अहवालही दिला. रस्ते, मैदानं, स्टेशनांभोवती माणसांना श्वास घ्यायला चौक. मग २००१ उजाडलं आणि नियमात एक दुरुस्ती झाली. तीन वाटे आता फक्त ‘रिकाम्या’ जमिनीचे. गिरणीची शेड उभी असलेली जमीन रिकामी नाही, आणि ती शेड पाडल्यावर मोकळी झालेली जमीनही हिशेबात नाही. एका विशेषणानं शहराचा वाटा चिंधीएवढा झाला. मराठी शाळेत व्याकरण शिकवून काय उपयोग, असं विचारणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं. प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयानं शहराच्या बाजूनं निकाल दिला, २००६च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला.

तिथे उभ्या राहिलेल्या काचेच्या कचेऱ्यांत रोज लाखो माणसं कामाला जायला लागली. जायची कशी? जुन्याच एल्फिन्स्टन रोडच्या, गिरणी कामगारांच्या जमान्यातल्या अरुंद पुलावरून. २९ सप्टेंबर २०१७च्या सकाळी पाऊस आला, माणसं पुलाच्या जिन्यावर आडोशाला थांबली, मागून गाड्या येतच राहिल्या. चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली, १४ गेली. दोन्हीकडे चौकशा झाल्या, पुलावर अफवा कुणी उठवली, पबमध्ये हुक्क्याची ठिणगी कुठून उडाली. त्या ठिणगीच्या मागे २००१चं ते विशेषण होतं, त्याला कुणी साक्षीला बोलावलं नाही. सहाशे एकरांतून शहराच्या पदरात तिसरा हिस्सा पडला असता तर स्टेशनबाहेर माणसाला पाय ठेवायला जागा असती. शेवटी पूल बांधायला लष्कर बोलवावं लागलं. शत्रू कोण होता ते कळलं नाही.

लोअर परळला जाहिरातीत ‘अपर वरळी’ म्हणतात. वडाळ्याच्या एका टोकाचं ‘न्यू कफ परेड’ झालं. आणि त्या जमिनीवर घाम गाळलेल्या गिरणी कामगारांच्या वारसांना घरं देऊ केली ती शेलू आणि वांगणीला. कर्जतच्या लोकलमध्ये बसलेल्यांना ही गावं ठाऊक असतात. त्यांना ‘लोअर माथेरान’ म्हणायचं अजून कुणाला सुचलं नाही, पण सुचेल.

इथे कुणीतरी हमखास उठतो आणि विचारतो, मग काय चाळीतच कुजायचं का? प्रश्न रास्त आहे, पण विचारणारा बहुधा कधी चाळीत राहिलेला नसतो. मी गिरगावात आजोळी राहिले आहे. पहाटे पाचला बादली घेऊन रांगेत उभी राहिले आहे. पावसाळ्यात जिन्याची लाकडं हाताला मऊ लागायची. १९४०च्या पातळीवर गोठवलेल्या भाड्यात मालक दुरुस्ती करणार नव्हता आणि आम्ही भाडं वाढवून देणार नव्हतो, तेही मला दिसत होतं. चाळीच्या नावानं उमाळे काढणारी नाटकं मला सहन होत नाहीत. वरळीच्या बीडीडी चाळीत एकशे साठ फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या बाईला पाचशे फुटांचं घर मिळालं तर मी तिच्यासाठी पेढे आणीन. माझं भांडण उंचीशीही नाही. पेडर रोडजवळचं कोरियांचं कांचनजंगा १९८३मधलं आहे, अठ्ठावीस मजली आहे. त्याच्या कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या गच्च्या आहेत, समुद्रावरचा वारा आत यावा आणि पश्चिमेचं ऊन थेट अंगावर येऊ नये म्हणून. श्रीमंतांची इमारत आहे, मान्य. पण त्याच माणसानं बेलापूरला बैठी घरं आखली, बेताच्या पैशांची, सात-सात घरांना मिळून एक अंगण. तिथेही वारा आहे. वारा हा पैशाचा प्रश्न नाही हे त्यांनी दोन्ही टोकांना बांधून दाखवलं.

आणि घरं वाढली की स्वस्त होतात, हा दुसरा हुकमी एक्का. २०११च्या जनगणनेत मुंबईत चार लाख ऐंशी हजारांच्या आसपास घरं रिकामी होती. त्याच मोजणीत चाळीस टक्क्यांहून जास्त मुंबईकर झोपडपट्टीत होते. एवढा एफएसआय ओतला, तो मुरला कुठे?

आर्किटेक्ट मंडळी यावर परिसंवाद भरवतात. वातानुकूलित सभागृहात ‘शाश्वत’ हा शब्द अठरा वेळा ऐकून मी परवाच आले. बाहेर पडताना एका तरुण आर्किटेक्टनं खरं सांगितलं. काकू, म्हणाला, आमच्या ऑफिसात दोन खाती आहेत. एक डिझाइनचं, त्यात दोन मुलं. एक लायझनिंगचं, त्यात अकरा. इमारतीचा आकार कोण ठरवतं, विचारलं. एक्सेल, म्हणाला. मुलगा गुणी होता. तो मिस्कील हसला नसता तर मला रडू आलं असतं.

आता माझ्या पापाकडे येते. आमच्या जुन्या इमारतीची सभा गच्चीवर भरली होती. बिल्डरच्या माणसानं सामोसे, पेढे आणि लॅपटॉप आणला होता. पडद्यावर आमचा टॉवर फिरत होता, भोवती निळं आभाळ, खाली हिरवळ, हिरवळीवर एक गोरी बाई कुत्रा फिरवत होती. शेजारी एकही इमारत नव्हती. दादरमध्ये! आम्ही चाळीस-पन्नास शहाणीसुरती माणसं, त्यात दोन निवृत्त मुख्याध्यापक, एक बँकेतली मोठी अधिकारी आणि मराठी वर्तमानपत्रांत शहरावर लेख लिहिणारी मी. शेजारची इमारत कुठे गेली, असं कुणी विचारलं नाही. आम्ही काय विचारलं? कार्पेट किती. कॉर्पस किती. भाडं किती महिन्यांचं आगाऊ. पार्किंग एक की दोन. किचनला ग्रॅनाइट कोणतं. तळमजल्यावरच्या काकांनी देवघराची दिशा विचारली, तेवढाच काय तो दिशेचा उल्लेख. बावीस फूट जास्त मिळावेत म्हणून आम्ही चार महिने घासाघीस केली. ते मिळाले तेव्हा टाळ्या वाजल्या. हे बावीस फूट बाहेरच्या मोकळ्या जागेतूनच कापून आले असणार, हे आज ओट्याशी उभी राहून मला कळतं.

संमतीपत्रावर माझी सही आहे. निळ्या शाईनं, ठळक.

आमची विंग मागच्या बाजूला आहे, तिला ‘रिहॅब’ म्हणतात. पुढची ‘सेल’. फाटकं दोन. पुढच्या फाटकाला कारंजं, मागच्याला कचऱ्याच्या पेट्या. मोकळं पटांगण सात मजली पोडियमच्या माथ्यावर गेलं आहे. खेळायची जागा जमिनीवरच हवी असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३मध्ये दादरच्याच एका टॉवरच्या प्रकरणात सांगितलं होतं. आमच्या पोडियमवरची हिरवळ खोटी आहे, त्यामुळे निदान तिला ऊन लागत नाही. देखभालीचा महिन्याचा खर्च ऐकून तीन कुटुंबं घर विकून डोंबिवलीला गेली. कॉर्पसचं व्याज पहिल्या वर्षी पुरलं, दुसऱ्या वर्षी लिफ्टच्या दुरुस्तीनं खाल्लं. राजकीय पक्षांचे फलक मात्र आमच्या नाक्यावर अजून लागतात, मराठी माणूस मुंबईत टिकलाच पाहिजे. त्यातला एक फलक थेट दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीवर आला होता. तीन आठवडे त्या घरात दिवसा जो काही उरलासुरला उजेड होता तोही मराठी माणसाच्या हितासाठी अडवलेला होता.

धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर डॉ. व्हिएगस यांचा पुतळा आहे. तिकडे गेलात तर बघा. त्यांच्या मागेपुढे आता काय काय उठतंय तेही बघा.

आणि एक विनंती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या सोसायटीची अशी सभा लवकरच भरेल, कदाचित याच रविवारी. २०१९च्या शासन निर्णयापासून एक्कावन्न टक्के संमतीही पुरते, त्यामुळे फार वेळ लागायचा नाही. सामोसा खा, पेढाही खा. पण लॅपटॉप मिटायच्या आत उठून उभे राहा आणि त्या माणसाला म्हणा, शेजारच्या इमारतीसकट उभा छेद दाखवा. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून समोरची भिंत किती फुटांवर येते, ती किती उंच आहे, आणि मोकळ्या जागेच्या तुटीचा प्रीमियम किती भरणार आहात, ते आकडे इतिवृत्तात लिहून घ्या. तो म्हणेल, नंतर बघू. त्यावर सही करू नका.

मी विचारलं नव्हतं. आमच्या इतिवृत्तात ग्रॅनाइटचा रंग लिहिलेला आहे.